आधाराची काठी कोणाच्या हातात?



आपल्या अंकाच्या 'आरोग्य आणि अर्थ' विभागात मधुमेह, कोलेस्टेरॉल, गुडघ्याचं ऑपरेशन, मॉर्गेज, आयसा, मृत्युपत्र अशा विषयांवर वेळोवेळी चांगलं लिहून आलं आहे. मी आज ज्याबद्दल लिहिणार आहे तो विषय आरोग्याचाही आहे आणि पैशाचाही. फक्त तो चारचौघांत काढायची आपल्याकडे पद्धत नाही. घरातल्या अपंग किंवा परावलंबी माणसाला घरातल्याच माणसाकडून होणारा जाच, हा तो विषय. मारहाण हा त्याचा एक प्रकार झाला. उपाशी ठेवणं, औषध न देणं, व्हीलचेअर हाताला लागणार नाही अशा जागी नेऊन ठेवणं, पैसे काढून घेणं आणि 'होममध्ये टाकीन' म्हणून धमकावणं, हेही त्यातच येतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन बाथरूममधल्या दांड्या, जिन्याचे कठडे आणि कमोडची उंची मोजण्यात घालवली. आता निवृत्त आहे. त्या मोजमापाच्या निमित्ताने जे पाहिलं, त्यातून माझी काही मतं बनली. ती सगळ्यांना पटतील असं नाही.

स्टॅनमोरकरांना अपंगत्व नवं नाही. ब्रॉकली हिलवर रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल आहे. हाडांच्या आणि मणक्याच्या अवघड केसेस लांबलांबून तिथे येतात. मणक्याला इजा झालेल्यांसाठी तिथे वेगळं केंद्र आहे. त्यामुळे ब्रॉडवेवर खरेदी करताना कुबड्या किंवा व्हीलचेअर दिसली तर इथे कोणी वळून पाहत नाही. हे चांगलंच आहे. पण कुठल्याही हॉस्पिटलातून पेशंटला घरी सोडताना एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'घरी कोण आहे?' 'मिस्टर आहेत', 'सून आहे', 'मुलगा आमच्याजवळच राहतो' असं उत्तर आलं की कागदावर बरोबरची खूण होते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. आपल्या लोकांच्या बाबतीत तर जास्तच, कारण 'एशियन कुटुंबं आपल्या माणसांना सांभाळतात' असा इथल्या कर्मचाऱ्यांचा पक्का समज आहे, आणि खरं सांगायचं तर तो आपल्यालाही ऐकायला आवडतो. घरी कोण आहे हे विचारलं जातं. ते माणूस कसं वागतं, आणि त्याच्याशिवाय दुसरं कोणी येतं-जातं का, हे विचारायला कोणाला वेळ नसतो.

या प्रश्नावर समाजशास्त्रज्ञांनी आणि आरोग्यक्षेत्रातल्या संशोधकांनी पुष्कळ काम केलं आहे. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातल्या संशोधकांचे दोन लेख आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने त्यांनी निरनिराळ्या देशांत आधी झालेल्या पाहण्या एकत्र करून तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की अपंग प्रौढांच्या वाट्याला हिंसा येण्याचं प्रमाण इतरांच्या दीडपट आहे, मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत ते चौपटीच्या जवळ जातं, आणि अपंग मुलांच्या बाबतीत साडेतीनपटीहून जास्त आहे. या पाहण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या होत्या, म्हणजे आपण जिथे राहतो तसल्याच.

इथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाचे आकडेही तेच सांगतात. मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती छळ सोसावा लागलेल्या अपंगांचं प्रमाण सातांत एक होतं; अपंग नसलेल्यांत वीसांत एक. नुसत्या स्त्रिया घेतल्या तर अपंग स्त्रियांत हे प्रमाण १७ ते १८ टक्के आणि इतर स्त्रियांत ७ टक्क्यांच्या आत होतं.

आता यात एक मेख आहे, आणि ती आपल्या घरांशी फार जवळून संबंधित आहे. हे आकडे ज्या पाहणीतून येतात, तिच्यात घरगुती छळाबद्दलचे प्रश्न माणसाने स्वतः कॉम्प्युटरवर गुपचूप भरायचे असतात. कित्येक वर्षं हे प्रश्न फक्त ५९ वर्षांपर्यंतच्या लोकांनाच विचारले जात. २०१७ मध्ये ती मर्यादा ७४ वर नेली आणि २०२१ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे पक्षाघात झालेल्या ७६ वर्षांच्या आजीबाईंना तोपर्यंत या प्रश्नांपैकी एकही विचारला गेलेला नव्हता. शिवाय केअर होममध्ये राहणारे या पाहणीत येतच नाहीत. ज्याला वाचता येत नाही, ज्याचा हात चालत नाही, ज्याला इंग्रजी नीट कळत नाही, आणि ज्याच्या शेजारी मदतीला म्हणून मुलगाच बसलेला आहे, तो काय उत्तर देणार? आकडे मोठे आहेत हे तर झालंच. पण आपल्यासारख्यांची घरं त्या आकड्यांत किती आली असतील, याची मला शंका आहे.

आकड्यांवरून 'किती' हे कळतं. 'कसं' हे कळण्यासाठी माणसांशी बोलावं लागतं. ते काम ब्रिस्टलच्या गिल हेग आणि वॉरिक विद्यापीठाच्या रवी थियारा यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलं. विमेन्स एड या संस्थेसाठी २००८ साली त्यांचा 'मेकिंग द लिंक्स' हा अहवाल निघाला आणि २०१२ मध्ये त्यावर आधारलेलं पुस्तक आलं. छळातून बाहेर पडलेल्या अपंग स्त्रियांनी त्यांना जे सांगितलं ते वाचताना मला वारंवार थांबावं लागलं, कारण तसली दृश्यं मी पाहिलेली होती. आंघोळीला टबमध्ये बसवून तसंच सोडून देणं. संडासला नेण्यासाठी विनवण्या करायला लावणं. गोळ्या जास्त देणं किंवा मुळीच न देणं. मूल असेल तर 'तुझ्यासारखीकडे मूल ठेवणार नाहीत' असं भिववणं. यांतल्या एकाही गोष्टीचा वळ अंगावर उठत नाही.

या संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. छळ करणारा माणूसच पुष्कळदा काळजी घेणारा असतो, आणि बाहेरच्या जगात त्याची वाहवा होत असते. 'किती करतात हो ते तिचं!' असं सगळे म्हणत असताना तिने तोंड उघडलं तर ती कृतघ्न ठरते. आणि मदत मागायला गेलं तर दोन खिडक्या, दोन्ही अर्धवट उघड्या. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी छळाबद्दल कधी विचारलेलं नसतं, आणि छळ झालेल्या बायकांच्या आसरागृहात जिना चढून जावं लागतं. सेफलाइव्ह्ज या संस्थेने २०१७ मध्ये दाखवून दिलं की मदत मिळेपर्यंत अपंग व्यक्ती सरासरी ३.३ वर्षं छळ सोसत असतात, इतर २.३ वर्षं. मधलं ते एक वर्ष या जिन्याने खाल्लेलं आहे, असं मी मानते.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुमजली सेमी-डिटॅच्ड घर, झोपायची खोली आणि संडास वर, स्वयंपाकघर आणि फोन खाली. अर्धांगवायू झालेल्या बाईंसाठी कौन्सिलच्या अनुदानातून जिन्याला सरकती खुर्ची बसवली. सहा महिन्यांनी मी तपासणीला गेले तर खुर्ची नवीकोरी. तिची किल्ली चिरंजीवांच्या खिशात होती. 'आई पडेल म्हणून काळजी वाटते', असं ते म्हणाले. सकाळी आठला कामावर जाताना किल्ली न्यायची आणि संध्याकाळी सातला परत आणायची. अकरा तास बाई वरच्या मजल्यावर, थर्मासमधला चहा आणि दोन सँडविचवर. कोणी कोणावर हात उगारलेला नव्हता. घरात देवघर होतं, उदबत्तीचा वास होता, आणि चिरंजीव माझ्याशी अत्यंत अदबीने बोलत होते. बाईंशी मला एकटीला बोलायचं आहे असं मी म्हटल्यावर मात्र ती अदब संपली. त्यानंतर सेफगार्डिंगची चौकशी झाली, दिवसातून दोनदा केअरर येऊ लागली, किल्ली खुर्चीलाच राहिली. मुलाला कोणी तुरुंगात टाकलं नाही आणि आईनेही त्याचं घर सोडलं नाही. बाईंना दुपारचं जेवण गरम मिळायला लागलं, एवढंच झालं.

'आपल्या लोकांत असं होत नाही' हे वाक्य मी मराठी, गुजराती, पंजाबी, आयरिश आणि ज्यू अशा सगळ्या घरांतून ऐकलेलं आहे. आपल्या लोकांत काय होतं याचा दाखला हवा असेल तर १९९४ आठवा. त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या ११ मतिमंद स्त्रियांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण दिलं गेलं. त्यांच्यावर कोणी अत्याचार केला तर गर्भ राहू नये, असंही त्या वेळी बोललं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ते करणारे कोणी राक्षस नव्हते. सुशिक्षित, हुशार माणसं होती आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आपण या मुलींचं भलं करतो आहोत. पण जरा विचार करा. अत्याचाराची भीती होती तर कुलूप, पहारा, चौकशी ही अत्याचार करणाऱ्याच्या वाटेवर हवी होती. उपाय मात्र केला तो मुलीच्या शरीरावर. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. त्याचा पुरावा तेवढा राहत नाही.

पुढे २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खाजगी संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. त्याच २०११ मध्ये इथे ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी हॉस्पिटलात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना कर्मचारी कसे छळत होते हे बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. ११ जणांना शिक्षा झाल्या. पनवेल असो की ब्रिस्टल, बंद दार आणि आत ज्याचं कोणी ऐकणार नाही असं माणूस, एवढं जमलं की पुढचं घडायला वेळ लागत नाही. घरालाही दार असतं.

शब्दांबद्दल एक. आम्ही शाळेत होतो तेव्हा 'पांगळा', 'अपंग' म्हणत. २०१५ नंतर भारतात 'दिव्यांग' रूढ झालं. मी अजून 'अपंग'च लिहिते, कोणाला खटकलं तर माफ करावं. नाव बदलल्याने पेन्शन कोणाच्या खात्यात जमा होते हे बदलत नाही.

मायकेल ऑलिव्हर नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. तरुणपणी पोहताना सूर मारून मान मोडली आणि ते व्हीलचेअरवर आले. १९८३ पासून त्यांनी एक साधी गोष्ट लावून धरली: माणूस अडतो तो पायांमुळे नव्हे, पायऱ्यांमुळे. रॅम्प बांधला की तोच माणूस बँकेत जातो. हिंसेलाही मी हाच न्याय लावते. दुबळं माणूस मार खाणारच, असं काही निसर्गाने लिहून ठेवलेलं नाही. खाणं, औषध, पैसा, फोन आणि दाराची किल्ली अशा पाच गोष्टी एकाच माणसाच्या हातात गेल्या की ते माणूस कितीही चांगलं असलं तरी त्याच्यावर अंकुश राहत नाही. आणि चांगलं माणूसही थकतं, चिडतं, पितं. म्हणून माझं म्हणणं असं की माणसाची परीक्षा घेत बसण्यापेक्षा त्या पाच गोष्टी दोन-तीन हातांत वाटून टाकाव्यात.

पैशापासून सुरुवात करू, कारण या विभागाचा तो अर्धा विषय आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, आणि पेन्शनचं वय झाल्यावर मागता येणारा अटेंडन्स अलाउन्स, हे दोन्ही पैसे अपंग व्यक्तीचे असतात. ते घराला मिळालेलं अनुदान नव्हे. ते तिच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात जावेत, आणि तिला शक्य असेल तर कार्डही तिच्याजवळ असावं. सोयीसाठी जॉइंट अकाउंट करायचं आणि पुढे ती सोय एकाचीच होते, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की मोजणं सोडलं. मोटॅबिलिटीच्या गाडीचं तेच. बाबांच्या अलाउन्समधून गाडी येते, नातू ती घेऊन कॉलेजला जातो आणि बाबा हॉस्पिटलला टॅक्सीने जातात. ही योजना १९७७ पासून आहे आणि गाडी अपंग व्यक्तीच्या उपयोगासाठीच द्यायची असते. नातवाने रागावू नये.

यात एक गाठ आहे ती समजून घ्यायला हवी. आठवड्याला ३५ तास किंवा जास्त सेवा करणाऱ्याला केअरर्स अलाउन्स मिळू शकतो, पण तो त्या अपंग व्यक्तीच्या बेनिफिटला बांधलेला असतो. म्हणजे सासूबाई म्हणाल्या की मला आता बाहेरची केअरर हवी, किंवा मी मुलीकडे राहायला जाते, तर सुनेचं उत्पन्न बंद पडू शकतं. घरात चार पैसे कमी होणार म्हटलं की सासूबाईंवर गप्प राहण्याचा दबाव येतो, आणि तो कोणी मुद्दाम आणला पाहिजे असंही नाही. या अलाउन्सचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९७६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा विवाहित बायकांना मिळतच नसे. त्या घरी असणारच, असं सरकारने धरलं होतं. एका विवाहित बाईने युरोपच्या न्यायालयापर्यंत दाद मागितली तेव्हा १९८६ मध्ये हा नियम गेला. सुनेची सेवा फुकट असते असं मानणारे फक्त आपणच नव्हतो तर!

लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी बऱ्याच वाचकांनी केली असेल. २००७ पासून ही पद्धत आहे. पैसा आणि आरोग्य यांची वेगवेगळी कागदपत्रं असतात आणि ती पब्लिक गार्डियनच्या कार्यालयात नोंदवावी लागतात. मुखत्यार एकच नेमला पाहिजे असं बंधन नाही. दोघे नेमा, त्यांतला एक घराबाहेरचा असू द्या. घर विकण्यासारख्या मोठ्या निर्णयाला दोघांच्या सह्या लागतील असं लिहून घेता येतं. 'म्हणजे तुमचा स्वतःच्या मुलावर विश्वास नाही?' असं कोणी विचारेल. आपण सोसायटीच्या खजिनदारावर विश्वास ठेवतो आणि तरीही दरवर्षी हिशेब तपासून घेतो, त्याला अपमान म्हणत नाही. मुखत्यार पैशाचा गैरवापर करतो असं वाटलं तर त्या कार्यालयाकडे तक्रार करता येते, आणि ती शेजाऱ्यालाही करता येते.

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे, ज्याला सेवेची गरज आहे, ज्याचा छळ किंवा हेळसांड होत असावी आणि ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, अशा प्रौढाची चौकशी करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. २०१५ मध्ये सतत धाकात ठेवणं हा गुन्हा झाला. २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज ॲक्टमध्ये पैशाची अडवणूक हीसुद्धा छळाच्या व्याख्येत आली, आणि ही व्याख्या नवरा-बायकोपुरती नाही. मुलगा, सून, भाऊ, सासरा सगळे त्यात बसतात. पगारी केअरर मात्र त्या व्याख्येत येत नाही. २०१५ च्या कायद्यात आणखी एक पळवाट ठेवली गेली. 'त्याच्या भल्यासाठीच मी हे केलं' असा बचाव आरोपीला घेता येतो. त्याचं वागणं परिस्थितीला धरून वाजवी होतं का, हे न्यायालय पाहतं. अपंगांच्या संघटनांनी याला विरोध केला आणि मी त्यांच्या बाजूची आहे. किल्ली खिशात ठेवणाराही भल्यासाठीच ठेवत होता. ज्यांचे आईवडील किंवा भावंडं पुण्या-मुंबईकडे आहेत त्यांनी भारताचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लक्षात ठेवावा. त्याच्या सातव्या कलमाखाली अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. नातेवाईक असण्याची अट नाही.

आता लग्नाबद्दल. हा परिच्छेद काहींना झोंबेल. बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्या मुलाचं लग्न करून द्यायचं, गावाकडची गरीब घरची मुलगी आणायची, म्हणजे आपल्यामागे त्याला बघायला कोणीतरी राहील, हा विचार मी आईवडिलांच्या तोंडून डोळ्यांत पाणी आणून मांडलेला ऐकला आहे. त्यांची काळजी खोटी नाही. 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही. पण लग्न ही केअर एजन्सी नव्हे. २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टप्रमाणे लग्नाची संमती दुसऱ्या कोणाला, अगदी आईवडिलांना किंवा न्यायालयालाही, त्याच्या वतीने देता येत नाही. २०१४ पासून सक्तीचं लग्न हा गुन्हा आहे, आणि ज्याला संमती देण्याची समज नाही त्याचं लग्न लावणं त्यात येतं, धाक दाखवला नसला तरी. आणि त्या मुलीचं काय? नवऱ्याचा आजार तिला विमानतळावरून घरी आल्यावर कळतो. २०१२ पासून जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना कायम राहण्यासाठी ५ वर्षं थांबावं लागू लागलं, आणि त्या काळात सरकारी मदतीवर हक्क नसतो. त्या घरात मग कोण कोणाचा छळ करतो हे सांगणं कठीण होतं. मुलगा न कळून मारतो, मुलगी जीव कावून त्याला कोंडून ठेवते, आणि सासूबाई दोघांनाही कोणापुढे बोलू देत नाहीत. अशा व्हिसावरच्या पीडितेला तात्पुरता परवाना आणि बेनिफिट मिळण्याची सवलत २०१२ पासून आहे. २०२४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती आणखी लोकांना लागू झाली. घर सोडण्याआधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा, पण जीव धोक्यात असेल तर आधी घर सोडावं.

सेवा करणाऱ्यांची बाजू मी विसरलेले नाही. डिमेन्शिया झालेला नवरा रात्री तीन वाजता बायकोला ओळखत नाही आणि ढकलून देतो. वीस वर्षांचा धिप्पाड स्वमग्न मुलगा पन्नाशीच्या आईला बोचकारतो. या बायका मेकअपने डाग झाकून गणपतीच्या कार्यक्रमाला येतात, कारण तक्रार केली तर आपल्या माणसाला नेतील ही भीती. यालाही हिंसा म्हणायला हवं, दोष देण्यासाठी नव्हे, मदत मागता यावी म्हणून. केअर ॲक्टप्रमाणे सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांची वेगळी पाहणी करून घेण्याचा हक्क आहे. हॅरोमध्ये असाल तर हॅरो कौन्सिलला, बार्नेटमध्ये असाल तर बार्नेटला फोन करून 'केअरर्स असेसमेंट' हे दोन शब्द उच्चारा. स्टॅनमोरमध्ये रस्ता ओलांडला की कौन्सिल बदलतं, तेव्हा आधी बिल कोणाचं येतं ते पाहा.

डॉक्टरांकडे जाताना दुभाष्या म्हणून मुलाला किंवा नवऱ्याला नेण्याची आपली सवय सोडावी. सर्जरीत फोन करून मराठी दुभाषी हवा असं सांगितलं की तो एन.एच.एस.च्या खर्चाने मिळतो, पुष्कळदा फोनवरूनच. आणि पेशंटला 'मला पाच मिनिटं एकट्याने बोलायचं आहे' असं म्हणायचा अधिकार आहे. हे वाक्य इंग्रजीत लिहून आजीच्या पर्समध्ये ठेवून द्या.

घरगुती छळाची राष्ट्रीय हेल्पलाइन रेफ्यूज ही संस्था चालवते. नंबर ०८०८ २००० २४७, चोवीस तास, मोफत. पोलिसांना मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलणं शक्य नसेल तर सांगितल्यावर ५५ दाबायचं, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. ज्यांना बोलता किंवा ऐकू येत नाही त्यांनी 'register' हा शब्द ९९९ ला एसएमएस करून नाव आधीच नोंदवून ठेवावं. ऐन वेळी ते सुचत नाही.

कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण फराळाची पाकिटं आजारी सभासदांच्या घरी पोचवतो. पाकीट दारात देऊन परत फिरण्याऐवजी दोघादोघांनी जावं आणि तासभर बसावं. एकाने घरच्या सेवा करणाऱ्याला घेऊन स्वयंपाकघरात चहा करावा, दुसऱ्याने वर जाऊन आजी-आजोबांशी गप्पा माराव्यात. दर महिन्याला जमलं तर उत्तमच. स्टॅनमोर, एजवेअर आणि क्वीन्सबरी या भागासाठी मी आणि माझी एक मैत्रीण तयार आहोत. गाडी चालवणारं आणखी एक कोणी हवं आहे. नावं संपादकांकडे द्यावीत.